वहिनीच्या डोळ्यातलं जाळं

सरकारी दवाखान्यातल्या डोळ्यांच्या खोलीत मी कंपाउंडर म्हणून लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. थेंब तयार करणं, पट्ट्या उकळणं ही कामं होतीच, पण त्याखेरीज एक काम माझ्याकडे आपोआप आलं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाला काय होतंय ते विचारायचं आणि त्याच्या पर्चीवर दोन शब्दांत लिहायचं. डॉक्टर ती पर्ची वाचून ठरवायचे, कोणाला उजेडात पाहायचं, कोणाला बाहुली मोठी करायचे थेंब घालून अंधाऱ्या खोलीत न्यायचं आणि कोणाला थंडीत ऑपरेशनला या म्हणून परत पाठवायचं. माणूस दहा वाक्यं बोलायचा आणि मी त्याचे दोन शब्द करायचो. ‘आँख आई.’ ‘रतौंधी’, म्हणजे रातांधळेपणा. ‘जाला.’

‘जाला’ हा शब्द मी सगळ्यांत जास्त लिहिला असेन. आसपासच्या खेड्यांतले म्हातारे बैलगाडीतून यायचे आणि डोळ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "बाबूजी, जालो अई ग्यो." म्हणजे मोतीबिंदू, नाहीतर बुबुळावर आलेला पांढुरका थर. दोन्हींत घाई नसते. जाला पिकू द्यायचा आणि थंडी पडली की काढायचा. हे मला इतकं पाठ झालं होतं की तो शब्द कानावर पडला की मी पुढचं ऐकतच नसे.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचे. घरात मराठी बोलायचो, पण त्यातले निम्मे शब्द बाजारातून आलेले. दादाचं लग्न साताऱ्याकडच्या मुलीशी झालं आणि ती घरात आल्यावर आम्हाला पहिल्यांदा कळलं की आपल्या बोलण्याला कोणी हसूही शकतं. आईनं "दरवाजा लाव, मांजर घुसून राहिली आहे" म्हटलं की वहिनी पदर तोंडाला लावायची.

"भाऊजी, तुमची मराठी म्हणजे हिंदीला नऊवारी नेसवून पाटावर बसवलेली."

"आणि तुमची?"

"आमची जन्मतःच नेसून आली."

मी तिला म्हणायचो, एकदा टावर चौकात जाऊन तुमच्या मराठीत धने-जिरे मागून दाखवा. ती खरंच गेली आणि दुकानदाराला हातवारे करून बडीशेप घेऊन आली. त्यावर आम्ही आठवडाभर हसलो. दादा रेल्वेच्या मालगोदामात कारकून होता, फारसं न बोलणारा. तोसुद्धा हसला होता.

मध्यभारत संपून नवा मध्य प्रदेश झाला, त्या दिवाळीच्या आगेमागे हे सुरू झालं. दवाखान्याच्या पाटीवरचं राज्याचं नाव रंगाऱ्यानं खरवडून काढलं होतं आणि नवं अजून घातलं नव्हतं. आम्हा टेंपररी लोकांच्या याद्या भोपाळला गेल्या होत्या. कोण कायम होणार आणि कोण घरी बसणार, एवढंच जो तो बोलायचा. त्यातच डोळ्यांचे नवे डॉक्टर आले. मूळ नागपूरचे, नोकरी जबलपूरला, तिथून बदलून इकडे. ते म्हणायचे, "मी हलण्याआधी राज्यच हललं. आता घर मुंबई राज्यात अन्‌ नोकरी भोपाळच्या हाताखाली." माणूस हुशार, पण फार कडक. पहिल्याच आठवड्यात ड्रेसरनं आपल्या साडूला रांग मोडून आत आणलं, तर सगळ्या पेशंटांसमोर त्याला म्हणाले, "नातेवाईक असेल तर रांगेत आणा. दवाखाना तुमच्या सासऱ्यानं बांधला नाही." आणि त्याचं नाव एका कागदावर टिपून ठेवलं. तो कागद भोपाळला जाणार असं आम्ही सगळ्यांनी धरून घेतलं.

वहिनीच्या कपाळावर डाव्या बाजूला फोड उठले ते याच सुमारास. आधी दोन दिवस ती डोकं धरून होती. कातडी भाजल्यासारखी होते, केसांत फणी घालवत नाही म्हणायची. मग भुवईपासून केसांत जाणारे बारीक पाणीदार फोड आले, आणि एक नाकाच्या शेंड्यावर. शेजारीण येऊन पाहून गेली. "मकड़ी फल गई है, अमचूर लगाओ." इकडे असे फोड उठले की झोपेत अंगावरून मकडी, म्हणजे कोळी, गेला असं धरतात.

वहिनी म्हणाली, "आमच्याकडे याला नागीण म्हणतात."

आईनं तिच्या तोंडावर हातच ठेवला. "नाव घेऊ नकोस तिचं. मकडीच आहे ती."

नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो, हे आईच्या मनात लहानपणापासून बसलेलं. अमचूर कालवून लावला. खपल्या धरल्या, पडल्या. ती मकडी नाही हे मला मात्र कळलं होतं. फोड कपाळाच्या बरोबर मध्यावर थांबले होते, उजवीकडे एकही नव्हता. कोळी अशी रेघ पाळून चालत नाही. दवाखान्यात मी नागीण पाहिली होती. पण बरं होत आलेल्या दुखण्याला नाव देऊन आईला कशाला घाबरवा, असं म्हणून मी गप्प बसलो.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, सकाळी मी सायकलच्या चाकात हवा भरत होतो तेव्हा वहिनी अंगणात आली.

"भाऊजी, जरा बघा हो. डाव्या डोळ्यात जाळं आलंय."

तिला काय म्हणायचं होतं ते आज मला स्वच्छ कळतं. कोळ्याचं जाळं. डोळा फिरवला की मागोमाग डुलत येणारं, काळ्या धाग्यांचं, ठिपक्यांचं जाळं. तिच्या मराठीत त्या शब्दाचा दुसरा अर्थच नव्हता. माझ्या कानात मात्र तो दवाखान्यातला शब्द होऊन शिरला.

मी हसलो. "तिसाव्या वर्षी जाळं? सासूच्या आधी नंबर लावला तुम्ही."

"चेष्टा नको. हलतंय ते."

"सगळ्यांना हलल्यासारखंच वाटतं."

मी टॉर्च आणून पाहिलं. डोळा किंचित लाल. उजेड पडताच तिनं तो घट्ट मिटला. बुबुळ स्वच्छ, बाहुली काळीभोर. जाला असता तर कुठंतरी पांढुरकं दिसायला हवं होतं. ते दिसलं नाही, त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की अजून सुरुवातच आहे. दवाखान्यातून झिंकचे थेंब आणून दिले. गल्लीत मला ‘डॉक्टर’ म्हणायचे, आणि ते मला आवडायचं. हेही लिहायला हवं, कारण तिला डॉक्टरांकडे न नेण्याचं ते अर्धं कारण होतं. उरलेलं अर्धं म्हणजे तो भोपाळला जाणारा कागद.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, जाळं दाट झालंय, धुकं पडल्यासारखं दिसतं. मी वर्तमानपत्र आणलं, उजव्या डोळ्यावर तिचा तळहात ठेवायला लावला आणि डाव्यानं वाचायला सांगितलं. तिनं सगळं वाचलं, बारीक जाहिरातीसुद्धा.

"झालं तर मग," मी म्हणालो. "जे डोळे छापील अक्षर वाचतात त्यांना काही होत नसतं."

हे वाक्य मी तेव्हा कुठून आणलं कोण जाणे. डोळ्याच्या आत, पाठीमागं जो पडदा असतो, ज्यावर चित्र उमटतं, तो कडेकडेनं जळत असला तरी मधला भाग बरेच दिवस शाबूत राहू शकतो. माणूस अक्षरं वाचतो आणि तिकडे चारी बाजूंनी डोळा जात असतो. हे मी पुढं शिकलो. त्या दिवशी तिनं वर्तमानपत्र घडी करून दिलं आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता तर नसेल काही."

बाराव्या दिवशी ती न्हाऊन आली होती. ओले केस पुढे, चेहऱ्याच्या उजव्या बाजूवर आलेले. आईनं पंचा पुढं केला. वहिनीचा हात हवेत चाचपत राहिला, पंच्याच्या अलीकडे, पलीकडे. आई म्हणाली, "अगं घे ना." वहिनीनं केस मागे सारले, पंचा पाहिला आणि पुन्हा केस पुढं ओढून पाहिलं. मग पुन्हा मागे केले. असं तिनं तीनदा केलं. चौथ्यांदा तिनं हातानं उजवा डोळा झाकला आणि मला हाक मारली.

त्याच सकाळी मी तिला दवाखान्यात नेलं, रांगेत बसवलं आणि पर्चीवर लिहिलं, ‘बाईं आँख से कम दिखता है.’ आई बरोबर होती. डॉक्टरांनी थेंब घालायला लावले. अर्ध्या तासानं अंधाऱ्या खोलीत तिच्या डोळ्याला डोळा लावून, बॅटरीवर चालणाऱ्या आपल्या यंत्रातून पाहायला लागले. मी दाराशी उभा होतो. ते सरळ झाले, यंत्र पुसलं, पुन्हा वाकले.

"आत धुकं आहे. पलीकडे पडद्यावर चुना शिंपडल्यासारखे पांढरे डाग. कडेनं सगळीकडे, एकमेकांत मिसळलेले. रक्तवाहिन्या दोऱ्यासारख्या झाल्यात." ते मला सांगत होते, तिला नव्हे. मग विचारलं, "किती दिवस झाले?"

प्रश्न सगळ्यांसाठी होता. वहिनीनं तोंड उघडलं, पण त्याआधी मी म्हणालो, "तीन."

का, ते सांगतो. बारा म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, बारा दिवस काय करत होतात. आणि डोळ्यांच्या कंपाउंडरच्या घरात.

"तीन?" डॉक्टर म्हणाले. "तीन दिवसांत कडा अशा होत नाहीत. नक्की तीनच?"

"हो सर."

वहिनीनं तोंड मिटून घेतलं.

"अंगावर, तोंडावर काही उठलं होतं का मागं? नागीण वगैरे?"

आई बाहेरून ओरडली, "नाही हो, नाही! जरा मकडी फिरली होती, बस." वहिनीचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला होता. डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मकडीच होती."

हे मी लिहितोय तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलोय, आणि अजून तो आवाज माझाच होता यावर माझा विश्वास बसत नाही. रोग ओळखायचा म्हणजे डॉक्टरांना दोनच गोष्टींचा आधार होता. एक, त्यांना स्वतःला आत दिसलं ते. दुसरी, आम्ही सांगू ती हकिगत. नागीण, मग काही आठवडे, मग लाल डोळा, डुलणारं जाळं, कडेनं येणारा अंधार, हे सगळं ओळीनं सांगितलं असतं तर त्यांना उत्तर मिळालं असतं. मी ती ओळच मोडून टाकली. दिसतंय ते आणि सांगितलं जातंय ते जुळेना, तेव्हा त्यांनी तेच केलं जे कुठल्याही चांगल्या डॉक्टरनं केलं असतं. दुसरी कारणं शोधायला निघाले. छातीचा फोटो काढा, क्षय असेल. आणि मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "रक्त तपासायला पाठवू. हिचं, अन्‌ हिच्या नवऱ्याचंही. पडद्याला असं करणारा आणखी एक रोग आहे. तुम्हाला कळलं असेल कोणता."

मला कळलं होतं, गुप्तरोग. दादाला सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यानं ऐकून घेतलं. रक्त दिलं त्यानं. पण त्या दिवसापासून तो ड्यूटी संपली तरी गोदामातच बसून राहायला लागला. घरी आला की आईशी बोलायचा, माझ्याशी बोलायचा, वहिनीकडे पाहायचा नाही. त्याला वाटत होतं की तिचा आपल्यावर संशय आहे. तिला वाटत होतं की त्याचा तिच्यावर.

तिनं मला विचारलं, "हे रक्त कशासाठी नेलं?"

"ताकद बघतात."

"मी साताऱ्याची आहे भाऊजी. खुळी नाही."

इंदूरहून रिपोर्ट यायला वेळ लागला. दोघांचंही रक्त स्वच्छ निघालं. दादानं कागद वाचला, दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. पण तोवर जे दिवस गेले ते गेले. तोवर डावा डोळाही गेला होता. उजेड आहे की नाही एवढंच त्याला कळायचं.

पण त्या दिवसांत खरी भीती डाव्या डोळ्याची नव्हती. पहिल्याच दिवशी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "हे जे काही असेल ते असो. असा एक डोळा मी जबलपूरला पाहिला होता. महिन्या-दीड महिन्यानं त्या बाईचा दुसराही गेला. सगळ्यांचं तसं होतं असं नाही. पण उजव्यावर लक्ष ठेवा. नुसती अक्षरं वाचायला लावू नका. अक्षरं शेवटी जातात." आणि त्यांनी मला कडेची नजर तपासायला शिकवलं. समोरासमोर बसायचं. तिचा डावा डोळा झाकायचा. तिनं माझ्या नाकाकडे पाहायचं. मी बाजूनं, वरून, खालून हळूहळू बोट आत आणायचं आणि ते दिसताक्षणी तिनं सांगायचं. रोज विचारायचं, डोळा दुखतो का, उजेड टोचतो का, काही तरंगतं का.

रोज सकाळी आम्ही अंगणात दोन पाट टाकून बसायचो. आई तुळशीआडून पाहायची. मी बोट आणायचो, वहिनी म्हणायची, "दिसलं." दुसरीकडून आणायचो. "दिसलं." एखाद्या दिवशी तिला शिंक आली, डोळ्यात पाणी आलं, तरी मी दिवसभर दवाखान्यात बाटल्यांवर चुकीची लेबलं चिकटवायचो. ती पापणी चोळताना दिसली की मी पळत यायचो. "काही नाही हो, मिरचीचा हात लागला," ती म्हणायची. स्वयंपाकघरात तिनं मिरची कांडायची बंद केली, म्हणजे मला घाबरायला कारण मिळू नये.

एका सकाळी मी बोट उचलायचं ठरवलं आणि तेवढ्यात पाठीत उसण भरली म्हणून थांबलो. हात मांडीवरून हललाही नव्हता.

"दिसलं," वहिनी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहत राहिलो. "काय दिसलं?"

"बोट."

"वहिनी, मी बोट काढलंच नाही."

ती गोंधळली. मग हसायचा प्रयत्न केला. "तुमचा खांदा आधी हलतो. मग बोट येतं. मला खांद्यावरून कळतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. तुम्ही इतके घाबरून बसता, म्हटलं लवकर संपवावं."

म्हणजे इतक्या आठवड्यांची ती सगळी तपासणी फुकट होती. उजव्या डोळ्याच्या कडेला काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. मी तिला तसंच उठवलं, टांगा केला. फ्रीगंजचा पूल ओलांडेपर्यंत तिनं एकदाही विचारलं नाही की काय झालं. फक्त डोळा झाकून, उघडून, डावीकडे उजवीकडे बघत होती.

ओपीडी उघडायला अवकाश होता. मी स्वतःच तिच्या डोळ्यात थेंब घातले आणि अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसवलं. डॉक्टर आले. मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. जाळं म्हणाली ते मी जाला समजलो. हलतंय म्हणाली ते ऐकलं नाही. तीन दिवस नव्हते, बारा होते. मकडी नव्हती, नागीण होती, आणि ते मला माहीत होतं. रक्ताचं जे झालं ते माझ्यामुळं झालं. बोलताना मला एकदम आठवलं की अंधारी खोली म्हणजे लाकडी फळ्यांचं पार्टिशन. पलीकडे सगळं ऐकू जात होतं.

डॉक्टरांनी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते उठले, आत गेले, वहिनीला म्हणाले, "बाई, पदर मागे घ्या." टॉर्च धरून तिच्या कपाळावरचे खळगे पाहिले, केसांत गेलेले. मग नाकाचा शेंडा.

"इथंही होता फोड?"

"हो. एकच होता."

"नाकाच्या शेंड्यावर नागीण म्हणजे ती डोळ्याकडे निघाली असं समजायचं. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी त्यांच्या रक्ताच्या मागे लागलो नसतो." मग माझ्याकडे वळून, "औषध माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. या विषाणूवर कोणाकडेच नाही. पण हे मी तुमची सुटका म्हणून सांगत नाही."

अलीकडे त्यावर औषध निघालंय, असं इथले तरुण डॉक्टर सांगतात. त्या रोगाला नावही मिळालंय आणि तो नागिणीच्याच विषाणूचा असतो हेही आता पक्कं झालंय. औषध वेळेवर शिरेतून दिलं तर डोळा वाचू शकतो, दुसरा तर पुष्कळदा वाचतो. ‘वेळेवर’ म्हणजे किती, असं मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "दिवस मोजून. बारा दिवस म्हणजे संपलंच." त्यानं बारा हा आकडा सहज घेतला होता.

मी दाराशी उभा होतो. डॉक्टर वहिनीच्या उजव्या डोळ्यावर वाकले. "वर बघा. खाली. उजवीकडे. आणखी उजवीकडे. माझ्या कानाकडे बघा. आता डावीकडे." मग तिथंच थांबले.

"आहे," ते म्हणाले.

वहिनीनं स्टुलाची कड धरली.

"थांबा. घाबरू नका. हलू नका." त्यांनी यंत्र कलतं केलं. "नाकाच्या बाजूला, पार कडेला, नखाएवढी जागा. पण पांढरी नाही. कडा काळी पडलीय. हे जुनं आहे. लागलं, अन्‌ थांबलं."

"का थांबलं?" मी विचारलं.

"मला नाही ठाऊक." त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. "बघा. कायम डोळ्यांच्या खोलीत राहायचं असेल तर बघायला शिका."

मला आधी नुसता लाल उजेड दिसला. मग वाहिन्या दिसल्या, झाडाच्या फांद्यांसारख्या. मग त्यांनी माझं डोकं धरून कलतं केलं आणि कडेला तो डाग दिसला. जळालेल्या कागदाच्या कोपऱ्यासारखा, राखाडी, भोवती काळे कण. त्याच्या अलीकडे सगळा पडदा नारिंगी, स्वच्छ.

माझा गाल तिच्या गालापासून दोन बोटांवर होता. ती हळू आवाजात म्हणाली, "काय दिसतंय?"

"वहिनी, ते बारा दिवस—"

"ऐकलं मी. तेव्हाही ठाऊक होतं. आता डाग किती आहे ते सांगा."

मी सांगितलं. किती आहे, कुठं आहे, कडा कशी आहे. काहीही कमी केलं नाही. डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. त्या जागी पडदा पातळ झालाय, फाटू शकतो. दर आठवड्याला यायचं. डोळ्यात ठिणग्या दिसल्या, काजळी उडाल्यासारखी दिसली, कडेनं पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच तासाला.

"किती दिवस यायचं?" तिनं विचारलं.

"मी इथं आहे तोवर."

"आणि तुम्ही किती दिवस आहात?"

"ते भोपाळला विचारा, बाई."

घरी दादाला सगळं तिनंच सांगितलं. मी बाहेरच्या खोलीत होतो. तो आला, समोर उभा राहिला. मला वाटलं मारणार. तो म्हणाला, "डोळ्याचं चुकलं, ते मी समजू शकतो. पण माझं रक्त तपासायला गेलं होतं तेव्हा तू रोज माझ्या शेजारी बसून जेवलास." पुढं वर्षभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याची बदली इंदूरला झाली तेव्हा सामान लादायला मी गेलो, तेव्हा कुठं त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोही ट्रंक उचलताना तोल गेला म्हणून.

डॉक्टर दोन पावसाळे उज्जैनला होते, मग गेले. मी कायम झालो. तो उजवा डोळा राहिला. वहिनी त्या एका डोळ्यावर अजून सगळं करते, निवडणं, टिपणं, नातवाचा अभ्यास घेणं. मी मात्र तिच्यासमोर बसलो की तिच्या पापणीकडे बघत राहतो, आणि तिनं डोळा चोळला की हातातलं तसंच टाकून उठतो.

गेल्या महिन्यात पुतण्याचा दवाखान्यात फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "काका, आईला परवापासून ठिणग्या दिसतात म्हणे." मी फोन ठेवला, रजेचा अर्जही दिला नाही, स्टँडवरून मिळेल ती बस धरली. इंदूरला उतरून तडक त्यांचं घर गाठलं. धापा टाकत जिना चढलो. वहिनी गॅलरीत बसून लसूण सोलत होती.

"ठिणग्या," मी म्हणालो. "कधीपासून?"

"बसा आधी. काल सकाळीच जाऊन दाखवून आले. थेंब घालून, कडेपर्यंत सगळं बघितलं त्यांनी. पडदा जागेवर आहे." तिनं लसणाची पाकळी निवडली, उजव्या डोळ्यासमोर धरून पाहिली आणि ताटात टाकली. "तुमच्या भरवशावर कोण बसतंय, भाऊजी?"